मशीन तर चालूच होतं

अँप्लिफायरला आमच्या घरात कुणी अँप्लिफायर म्हणत नसे, मशीन म्हणत. आबांच्या कारखान्यात मशीनंच मशीनं होती, शेजारी शिवणाचं मशीन होतं, पण आमच्याकडे मशीन म्हटलं की ते एकच. लोखंडी पेटीवर ठेवलेलं, करड्या पत्र्याचं, पुढे चार बटणं असलेलं. त्याच्यावर विणीत चूक झालेली एक चादर कायम पांघरलेली असे, कारण आमच्या गल्लीत हवेत सुताचं तूस उडायचं आणि ते कशातही शिरायचं, पिठात, कानात, घड्याळात. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मशीन, हार्मोनियम, ढोलकी आणि दोन कर्णे ऐसपैस राहत आणि मागच्या खोलीत आम्ही सहा माणसं अंग चोरून झोपत असू. यात काही गंमत आहे असं तेव्हा कुणाला वाटत नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. कामाच्या दिवशी ते एका तेलुगू मालकाच्या कारखान्यात चादरीचे माग चालवत आणि सुटीच्या दिवशी गायन पार्टी. विहारातली जयंती, कुणाच्या पोराचं नामकरण, कुणाच्या मयताचं पुण्यानुमोदन, मोहोळ-बार्शीपर्यंत पार्टीला बोलावणं यायचं. आबा हार्मोनियमवर बसत आणि गात असे माझा मोठा भाऊ मिलिंद. दादाचा आवाज गोड नव्हता, चांगला खरखरीत होता, पण तो शब्द असा टाकायचा की मागच्या रांगेतली म्हातारी आपोआप मान डोलावायची. मला आयटीआयला घातलं तेही दादानंच, रेडिओ-टीव्हीच्या ट्रेडला. आईनं आकांडतांडव केलं. पोरीच्या जातीनं तारा जोडत बसायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. दादा म्हणाला, "आई, उद्या मशीन बिघडलं तर घरातच बघणारं हाय की कोणतरी." आईला हे पटलं नाही, पण ती भाकरी थापायला वळली आणि विषय तिथंच राहिला.

मशीनला एक खोड होती. ते गुणगुणायचं. गाणं सुरू असताना कळत नसे, पण दादा एखाद्या ओळीनंतर थांबला, लोकांना ती मनात उतरू दिली, की त्या शांततेत कर्ण्यातून घूंऽऽऽ असा आवाज येत राहायचा. आबांचा कान फार तिखट. मागाचा धागा तुटला तर तो त्यांना खडखडाटात आधी कानानं कळायचा, डोळ्यांनी नंतर. ती गुणगुण त्यांना सहन होत नसे. एका पावसाळ्यात, कार्यक्रम नव्हते तेव्हा, ते दोन दिवस मशीन उघडून बसले आणि नंतरच्या कार्यक्रमात गुणगुण नव्हती. सगळ्यांनी आबांचं कौतुक केलं. मी तेव्हा आयटीआयला नुकती जायला लागले होते, मीही केलं.

पुढे कधीतरी माईक चावायला लागला. पार्टीतले लोक असंच म्हणत, माईक चावतो. ओठ टेकला की मुंगी डसल्यासारखं व्हायचं. त्यावर आमच्या लोकांनी काय उपाय काढावा? माईकला रुमाल गुंडाळायचा. झालं. दादाचा रुमाल निळा असे. लोकांना वाटायचं ही त्याची ऐट आहे, आणि गल्लीतली पोरं पळीला रुमाल गुंडाळून त्याची नक्कल करत. सगळ्या पार्ट्यांत थोडंफार हेच चाले. माईक चावणं हे हार्मोनियमची पट्टी अडकण्यासारखं, सांभाळून घ्यायचं दुखणं होतं. आज मी कुठल्याही सभागृहात गेले की आधी माझी नजर प्लगकडे जाते, वक्त्याकडे नंतर. नातू हसतो. हसू दे.

दादा गेला तो मोहोळजवळच्या एका गावात, दिवेलागणीला. मी तिथं नव्हते, ढोलकी वाजवणाऱ्या भागवतकाकांनी सांगितलं ते सांगते. विहारापुढच्या अंगणात धूळ उडू नये म्हणून बायकांनी चांगलं भरपूर पाणी मारलं होतं. बुद्धमूर्तीसमोर गायचं म्हणून आमचे गायक चपला काढून उभे राहत, तसे सगळे अनवाणी उभे होते. कर्णे दुपारपासून चालू होते. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर दादानं घाम पुसायला माईकवरचा रुमाल सोडला, कडवं पुरं करायला स्टँड हातात धरला आणि स्टँडसकट आडवा झाला. पडताना स्टँड हातातून सुटला, त्यामुळे त्याला उचलणाऱ्यांना काहीच जाणवलं नाही. मोहोळच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. चिरफाड आबांनीच नको म्हटली.

आणि मशीन चालूच होतं. हीच गोष्ट पुढे सगळ्यांच्या तोंडी झाली. दादाला उचलून जीपमध्ये घातलं तरी कर्ण्यातून हार्मोनियमचा सूर येत होता, कारण आबांचं बोट पट्टीवर तसंच राहिलं होतं आणि दुसरा हात आपोआप भाता मारत होता. मशीन बिघडलं असतं तर बंद पडलं असतं, जळाल्याचा वास आला असता, फ्यूज उडाला असता. यातलं काहीच झालं नाही. मशीन धडधाकट, तेव्हा खोट माणसात. असा लोकांचा हिशेब. आधी म्हणाले, हृदयाचं दुखणं असेल. मग कुणीतरी म्हणालं, प्यालेला असेल. दादा सणासुदीला घ्यायचा, ते काही खोटं नव्हतं, त्यामुळे बोलणाऱ्यांना जोर आला. मग ते आमच्या घरात शिरलं आणि त्याला वेगळंच तोंड फुटलं.

त्या दिवशी निघताना दादाचं आणि रेखावहिनीचं भांडण झालं होतं. राहुल तापानं फणफणला होता, नीट वर्षाचाही नव्हता, आणि वहिनीचं म्हणणं होतं की आज जाऊ नका. दादा न जेवता गेला. ताटातली भाकरी आणि शेंगाची चटणी तशीच राहिली. आईनं ते ताट धरून ठेवलं. "उपाशी धाडला माज्या लेकाला. भांडून उपाशी धाडला, म्हणून प्याला, म्हणून गेला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. शेवटी शेवटी पायगुणही आला. भिंतीवर बुद्धाचा फोटो, रोज सकाळी वंदना, आणि त्याच खोलीत सुनेचा पायगुण! मला आजही त्या शब्दाचा संताप येतो. वहिनी वळसंगची, माहेरी अर्धं बोलणं कानडी, स्वभावानं कमी बोलणारी. ती उत्तर देत नसे म्हणून तिचं खरं असावं असं कुणाला वाटलं नाही.

आबा या सगळ्यात गप्प होते. पहिल्या पाळीला जात, येत, हात धुऊन जेवत आणि भिंतीकडे तोंड करून पडत. शेवटी आईनं ठरवलं की रविवारी विहारातली चार वडीलधारी माणसं आणि वहिनीचे वडील यांना बसवायचं, वहिनीला वळसंगला पाठवायचं आणि राहुलला इथं ठेवून घ्यायचं. "माज्या लेकाचं लेकरू हाय. ती हिंडंल तिकडं हिंडू दे," असं ती म्हणाली. वहिनी चुलीपाशी होती. तिनं ऐकलं आणि भाकरी उलटली.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं तेव्हा ती माझ्या शेजारी घागर लावून उभी राहिली.

"सुजा, ते मशीन तू उघडशील का?"

"कशाला?"

"ते पिले नव्हते. भांडताना मी लई जवळ हुते त्यांच्या. मला वास आला नसता का?" मग थोडं थांबून म्हणाली, "माजं लेकरू काढून घेणार हाईत रविवारी. तू शिकलीस न्हवं ते? बघ की एकदा."

मी शिकले होते म्हणजे किती? आयटीआयमध्ये आम्ही एका लाकडी फळीवर छोटा रेडिओ जोडला होता आणि तोही लागला नव्हता. पण मी व्हय म्हणाले.

आई वळलेल्या बिड्या द्यायला कारखान्यात गेली की संध्याकाळपर्यंत घर रिकामं असे. आम्ही मशीनवरची चादर काढली. मी पत्र्याचे स्क्रू सोडले, आणि आत पाहते तो तूस. बोटभर जाड, पांढरं, नारिंगी, जांभळं, आमच्या गल्लीत विणलेल्या सगळ्या चादरींचं. वहिनीनं ते हातानं ओंजळभर काढलं. मी नवशिक्यासारखी जळालेलं काही दिसतंय का ते बघत बसले. काळा पडलेला रेझिस्टर, फुगलेला कपॅसिटर, सुटलेला टाका, काहीच नाही. मशीन लावून पत्र्याला टेस्टर टेकवला तर आतला दिवा नुसता मिणमिणला. आमचे सर सांगायचे की मिणमिणत्या टेस्टरवर भरवसा ठेवायचा नाही, बल्ब लावून बघायचं. खरी वीज असली तर बल्ब पेटतो. म्हणून झिरोचा बल्ब होल्डरला लावला, त्याची एक वायर मशीनच्या पत्र्याला आणि दुसरी नळाच्या पाइपाला जोडली, आणि वहिनी होल्डर धरून बसली. बल्ब पेटला नाही. मी वायरी अदलाबदल केल्या, परत घासून लावल्या. नाहीच. वहिनीनं होल्डर खाली ठेवला आणि रडायला लागलेल्या राहुलला उचललं.

तो दिवस मी कसाबसा काढला. मला वाटू लागलं की लोक म्हणतात तेच खरं, मशीन चांगलं आहे. बुधवारी सकाळी दात घासताना मात्र भागवतकाकांचं बोलणं आठवलं, कर्णे दुपारपासून चालू होते. दादा गेला तेव्हा मशीन तापलेलं होतं. आम्ही लावलं ते थंडगार, आणि लगेच बंद केलं. आई गेल्या गेल्या मी मशीन लावलं, आवाज पूर्ण बारीक ठेवला आणि पत्रा बसवून वर ती चादरही घातली, कारण कार्यक्रमातही ती अर्धी वर असायची. वहिनीनं भात टाकला, उतरवला, राहुलला भरवला. गल्लीत मागांचा खडखडाट चालू होता. दुपार कलली तेव्हा मशीनवर हात ठेवला तर चटका बसला. बल्ब जोडला. वहिनीच्या हातात तो आधी नुसता लाल झाला आणि मग हळूहळू चांगला पिवळा पेटला.

"सुजा," एवढंच ती म्हणाली. मी बटण बंद केलं. आम्ही दोघी बराच वेळ त्या विझलेल्या बल्बकडे बघत बसलो. मला आनंद झाला होता. भावाला कशानं मारलं ते सापडल्याचा आनंद, मोठा चमत्कारिक आनंद होता तो, पण झाला होता.

तरी माझं डोकं थांबेना. आत कुठे वीज पत्र्यात उतरत असली तरी प्लगला तीन पिना होत्या, जाड पिनेला हिरवी वायर होती, आणि ती वायर असतेच यासाठी की अशी भरकटलेली वीज माणसात न जाता जमिनीत जावी. मग ती का गेली नाही? मी हिरवी वायर प्लगपासून धरत आत आले. ती ट्रान्सफॉर्मरखाली शिरत होती. ट्रान्सफॉर्मर, म्हणजे तारांचा तो जड ठोकळा, बोल्ट काढून उचलला. त्याच्या खालच्या बाजूला, तारांभोवतीचा कागद एका कोपऱ्यावर जळून काळा झाला होता, तापल्यावर तिथूनच वीज पत्र्यात येत होती. आणि त्याच्याखाली हिरवी वायर होती. ती तुटली नव्हती, कापलेली होती. टोक नीट मागे दुमडून त्यावर नारिंगी सूत गुंडाळलं होतं आणि शेवटी एक बारीक गाठ मारली होती. मागावर तुटलेला धागा जोडतात ती गाठ. आमच्या घरात तशी गाठ एकच माणूस मारायचा.

वहिनीनं ती गाठ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात दाराशी चपला वाजल्या. आबा पहिल्या पाळीहून आले होते.

ते जवळ आले, वाकले, बघितलं. मला वाटलं ते ओरडतील. ते हळूच खाली बसले.

"गुणगुण येत हुती," आबा म्हणाले. "ही वायर काढली की जायची. मला वाटलं फुकाटचीच घातलीय."

"आबा, दादा..."

"व्हय. कळलं मला." मग वहिनीकडे न बघता म्हणाले, "सुजा, आईला एवढ्यात सांगू नको. ती माज्या तोंडाकडं बघायची न्हाय."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. वहिनी उठून मागच्या खोलीत गेली. रविवारपर्यंतच्या त्या चार दिवसांत तिनं आबांना रोज वेळेवर वाढलं. ते जेवले.

रविवारी माणसं जमली, भागवतकाकाही होते. वहिनीचे वडील सकाळच्या एसटीनं आले होते, धोतर नेसून, पिशवी मांडीवर घेऊन, कोपऱ्यात बसले. आईनं सगळं सांगितलं, ताट, भांडण, दारू, पायगुण. वडीलधाऱ्यांतला एकजण म्हणाला, "पोरी, तुला काय बोलायचं हाय का?" वहिनी सरळ आबांकडे बघत होती. मी उठायला लागले तर तिनं माझं मनगट धरलं. "त्यांना बोलू दे," असं ती इतक्या हळू म्हणाली की फक्त मलाच ऐकू आलं. आबांच्या कपाळावर घाम होता. मग आबा उठले, पेटीवरचं मशीन दोन्ही हातांनी उचलून मधोमध आणून ठेवलं आणि म्हणाले, "सुजा, काय झालं ते सांग. माजं नाव घेऊन सांग. मला न्हाय जमायचं."

मग मी सांगितलं. आयटीआयच्या तोंडी परीक्षेत उभं राहावं तशी उभी राहिले. जळालेला कागद दाखवला, हिरवी वायर दाखवली, ती कशासाठी असते ते सांगितलं, कुणी कापली ते सांगितलं. ओली जमीन, अनवाणी पाय आणि सोडलेला रुमाल, सगळं ओळीनं सांगितलं. माझा आवाज कापत नव्हता, याचंच मला नवल वाटतं. आई ऐकत होती. भागवतकाका दोन्ही हातांत तोंड घेऊन बसले होते.

राहुल कुणाकडे राहणार हा प्रश्न नंतर कुणी काढलाच नाही. वहिनीनं त्याला कडेवर घेतलं, स्वतःची कपड्यांची पेटी वडिलांच्या हातात दिली. आबा दाराशी गेले.

"सूनबाई, ऱ्हा. हे घर तुजं हाय."

ती आबांना मामा म्हणायची. "मामा," ती म्हणाली, "वायर तुमी जाणून कापली न्हाय. त्याचं मी कदी तोंडावर आणणार न्हाय. पण बुधवारपास्नं तुमाला ठाव हुतं. बुधवारपास्नं ह्या सासूबाई माज्यावर बोट दाखवत हुत्या आन तुमी जेवत हुता."

ती गेली ती परत आली नाही. राहुल वळसंगलाच वाढला. आज तो मोठा शहाणा माणूस आहे, मला आत्या म्हणून फोन करतो, पण आबांबद्दल कधी विचारत नाही.

पुढे आबांनी मला मशीन दुरुस्त करायला सांगितलं. मला ते फोडून टाकायचं होतं. पण ते रोज विचारायचे, झालं का, झालं का. मी ट्रान्सफॉर्मरच्या तारा नव्यानं गुंडाळून आणल्या, हिरवी वायर नव्या बोल्टनं पत्र्याला पक्की आवळली. गुणगुण अर्थातच परत आली. ती घालवायची खरी रीत मला पुष्कळ पुढे कळली. बल्ब लावून मी इतक्या वेळा तपासलं की शेजारणी विचारायला लागल्या. पार्टीतल्या कुणीही माईकला हात लावायला तयार नव्हतं, भागवतकाका तर आमच्या दारात यायचेच बंद झाले होते.

एका रविवारी आबांनी सकाळीच मशीन लावायला सांगितलं. कर्णे दाराबाहेर बांधले, माईकचा स्टँड अंगणात आणून ठेवला. दुपार कलेपर्यंत मशीन चालू ठेवलं, हात लावून तापल्याची खात्री केली. मग दोन बादल्या पाणी अंगणात ओतलं, चपला काढल्या आणि त्या चिखलात जाऊन उभे राहिले. तेव्हा मला कळलं, दादा उभा होता तसेच ते उभे होते. मी धावत भिंतीवरच्या बटणापाशी गेले.

"आबा, मी बघितलंय सगळं. पण चपला घाला."

"तितनं हात काढ, सुजा."

मी हात काढला नाही. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, तिचा हात सुपात थांबला. आबांनी एका हातानं स्टँड धरला, दुसरा हात माईकभोवती आवळला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, बोट बटणावर होतं. कर्ण्यातून नुसती गुणगुण येत होती. बराच वेळ तसाच गेला. मग त्यांनी डोळे उघडले, हातातल्या माईककडे पाहिलं. माझी दुरुस्ती बरोबर होती. माझ्या आयुष्यातली ती पहिली दुरुस्ती, आणि ती बरोबर आली म्हणून त्यांच्या चेहऱ्यावर जे उतरलं ते मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही, पाहायचंही नाही.

"काहीच होईना की गं," ते म्हणाले, आणि ते दोन्ही कर्ण्यांतून सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

आईनं सूप बाजूला ठेवलं. अनवाणीच त्या पाण्यात उतरली आणि त्यांची बोटं माईकवरून एकेक करून सोडवायला लागली.